कंपनीचे वचन आणि कामगाराचा हक्क
(राणा प्लाझा दुर्घटना व बांगलादेश करार : एक अभ्यास)

प्रास्ताविक

आज जगातील बहुतेक मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्या 'आम्ही मानवी हक्कांचा आदर करतो' असे लेखी जाहीर करतात. अमेरिकेतील लेव्ही स्ट्रॉस या कंपनीने १९९१ साली आपल्या पुरवठादारांसाठी आचारसंहिता तयार केली. १९९२ साली नायके कंपनीने तसेच केले. पुढे ही प्रथाच पडली. बालमजुरी नको, वेठबिगारी नको, कामाची जागा सुरक्षित असावी, कामगारांना संघटना करता यावी, अशी कलमे या संहितांमध्ये असतात. ती वाचून कोणाचेही समाधान व्हावे. परंतु शिलाई मशीनवर बसलेल्या कामगार स्त्रीला या कागदाचा उपयोग किती? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात एका प्रत्यक्ष घटनेच्या आधारे करावयाचा आहे.

राणा प्लाझा येथे काय घडले?

बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत होती. तिच्या खालच्या मजल्यांवर दुकाने व एका बँकेची शाखा होती. वर तयार कपड्यांचे पाच कारखाने होते. तेथील माल युरोप-अमेरिकेतील नामांकित कंपन्यांसाठी शिवला जाई. २३ एप्रिल २०१३ रोजी इमारतीच्या खांबांना मोठे तडे गेलेले दिसले. इमारत धोकादायक असल्याचे अभियंत्याने सांगितले. बँकेने आपले कर्मचारी बाहेर काढले व दुसऱ्या दिवशी शाखा बंद ठेवली. दुकानेही बंद राहिली.

वरच्या कारखान्यांतील कामगारांना मात्र २४ तारखेला सकाळी कामावर बोलावण्यात आले. पुष्कळांनी आत जाण्यास नकार दिला, तेव्हा महिन्याचा पगार मिळणार नाही असे बजावण्यात आल्याचे वाचलेल्या कामगारांनी पुढे सांगितले. त्या काळी तेथील शिलाई कामगाराचे किमान वेतन महिना ३,००० टका होते. इतक्या तुटपुंज्या पगारावर घर चालविणारा माणूस पगार बुडवू शकत नाही. कामगार आत गेले. नऊच्या सुमारास इमारत कोसळली. १,१३४ माणसे मृत्युमुखी पडली. सुमारे २,५०० जखमी झाली. त्यांत तरुण स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते.

स्वतः बँकेत नोकरी करीत असल्यामुळे प्रस्तुत लेखकाला यातील एक गोष्ट विशेष जाणवते. तडे एकाच इमारतीचे होते व धोकाही एकच होता. तरी एकाला घरी पाठविले गेले आणि दुसऱ्याला आत ढकलले गेले. त्या पाचही कारखान्यांत एकही कामगार संघटना नव्हती. 'आम्ही आत जाणार नाही' असे एकट्याने म्हणणे म्हणजे नोकरी गमावणे होय. तेच सर्वांनी मिळून म्हटले असते तर त्याला वजन आले असते.

तपासणी झाली होती, मग दोष कोठे?

या पाचपैकी दोन कारखान्यांची तपासणी युरोपीय खरेदीदारांच्या आचारसंहितेनुसार पूर्वी झालेली होती. परंतु त्या तपासणीत इमारतीचे बांधकाम पाहिले गेले नव्हते. शिवाय अशा तपासण्यांचे अहवाल सहसा कंपनीच्या कपाटात राहतात. ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे त्या कामगाराला ते दाखविले जात नाहीत. दुसरे कारण व्यापाराचे. कमीत कमी भाव आणि कमीत कमी मुदत, हा खरेदीदाराचा आग्रह असतो. त्यामुळे कंपनीचा एक विभाग सुरक्षिततेचे कलम लिहितो आणि दुसरा विभाग ते पाळणे अवघड करून ठेवतो.

बंधनकारक करार

२०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे संमत केली होती. हक्कांचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्य, त्यांचा आदर राखणे ही कंपनीची जबाबदारी, आणि हानी झालेल्याला दाद मिळाली पाहिजे, असा त्यांचा सारांश आहे. पण ती मार्गदर्शक आहेत, कायदा नव्हेत.

राणा प्लाझानंतर मे २०१३ मध्ये जे घडले ते वेगळे होते. इंडस्ट्रीऑल व युनी या दोन जागतिक कामगार महासंघांनी आणि तयार कपड्यांच्या कंपन्यांनी पाच वर्षांचा करार केला. एच अँड एम, इंडिटेक्स, प्रायमार्क, सी अँड ए यांच्यासह दोनशेहून अधिक कंपन्या त्यात आल्या. कराराची प्रमुख कलमे अशी :

१) कारखान्यांची तपासणी स्वतंत्र अभियंत्यांकडून व्हावी व अहवाल जाहीर व्हावेत.
२) दुरुस्तीसाठी पैसा उपलब्ध होईल हे खरेदीदार कंपनीने पाहावे.
३) सुधारणा नाकारणाऱ्या कारखान्याचा माल घेऊ नये.
४) धोका दिसल्यास काम नाकारण्याचा हक्क कामगाराला असावा.
५) कारभारात कंपन्या व संघटना यांना समान जागा असाव्यात.
६) वाद उद्भवल्यास लवाद नेमावा व त्याचा निवाडा बंधनकारक असावा.

वॉलमार्ट, गॅप आदी अमेरिकन कंपन्यांनी मात्र या करारात न येता जुलै २०१३ मध्ये आपली निराळी व्यवस्था उभी केली. तिच्या कारभारात कामगार संघटनांना बरोबरीचे स्थान नव्हते.

बंधन म्हणजे काय, हे पुढे दिसून आले. २०१६ साली महासंघांनी दोन कंपन्यांविरुद्ध हेग येथील लवादाकडे दाद मागितली. दोन्ही प्रकरणे तडजोडीने मिटली. त्यांपैकी एका कंपनीने जानेवारी २०१८ मध्ये २३ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. याउलट, मृतांच्या वारसांसाठी व जखमींसाठी उभारलेला तीन कोटी डॉलरचा निधी स्वेच्छेच्या देणग्यांवर अवलंबून होता. तो पुरा होण्यास जून २०१५ उजाडला. दीड हजाराहून अधिक कारखान्यांची तपासणी या करारामुळे झाली. २०२१ साली त्याला आंतरराष्ट्रीय कराराचे रूप आले व २०२३ पासून तो पाकिस्तानातही लागू झाला.

आपल्याला बोध काय?

संघटना स्वातंत्र्य व सामुदायिक वाटाघाटी यांविषयीचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे ८७ व ९८ क्रमांकाचे ठराव बांगलादेशने १९७२ सालीच मान्य केले होते. तरीही राणा प्लाझात संघटना नव्हती. भारताने हे दोन ठराव आजवर मान्य केलेले नाहीत. मात्र संघटना करण्याचा हक्क आपल्या संविधानाच्या १९ व्या कलमात आहे. म्हणजे नुसत्या सहीने हक्क मिळत नाही आणि हक्क असूनही तो वापरल्यावाचून टिकत नाही. आपल्याकडील बँक कर्मचाऱ्यांचा पहिला द्विपक्षीय करार १९६६ साली झाला. व्यवस्थापन व संघटना समोरासमोर बसल्या, कलमे ठरली, दोघांनी सह्या केल्या. म्हणूनच त्यातील शब्दाचा आधार कर्मचाऱ्याला घेता येतो.

आपल्या समाजातील अनेक मुलेमुली आज कंत्राटी कामावर, खाजगी कंपन्यांत व परदेशी कंपन्यांच्या पुरवठादारांकडे नोकरीस लागत आहेत. विद्यार्थी मित्रांनी कोणत्याही कंपनीचे मानवी हक्कविषयक निवेदन वाचताना चार प्रश्न अवश्य विचारावेत : यावर कामगारांच्या प्रतिनिधीची सही आहे काय? तपासणी कोण करतो व अहवाल कोणाला दिसतो? सुधारणेचा खर्च कोण सोसतो? वचन मोडल्यास दाद कोठे मागावयाची?

या चारही प्रश्नांना उत्तर मिळाले तर तो कामगाराचा हक्क होय. न मिळाल्यास ते केवळ कंपनीचे वचन आहे असे समजावे, आणि त्याचा हक्क व्हावा म्हणून संघटित व्हावे.