सालारजंगला अख्खा दिवस द्या

सोलापूरकरांना हैदराबाद परकं नाही. पूर्व भागात तर घरटी एखादी सोयरीक तेलंगणात असते. लग्नाला, बारशाला, दवाखान्याला आपली माणसं तिकडं जातच असतात. गेलं की चारमिनार, गोवळकोंडा, रामोजी फिल्म सिटी हे ठरलेलं, आणि वेळ उरलाच तर सालारजंग म्युझियम. ह्या ‘वेळ उरला तर’ची मला फार चीड आहे, आणि त्याला कारण आहे.

गल्लीतली काही घरं मिळून आम्ही एका ट्रॅव्हलवाल्याच्या बसनं गेलो होतो. छापील कार्यक्रमात सालारजंगचं नाव होतं, वेळ नव्हती. गोवळकोंडा चढून-उतरून, जेवणं उरकून, बिर्ला मंदिर करून बस मुसी नदीकाठी पोचली तेव्हा पावणेचार वाजलेले. संग्रहालय पाचला बंद होतं. गाडीतल्या माणसानं सांगितलं, ‘साडेचारला सगळे परत पाहिजेत.’ मग काय, तिकिटं काढून सगळे घड्याळाकडं पळाले. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीचं ते घड्याळ. दर तासाला आतून एक दाढीवाला छोटा बाहुला येतो आणि तासाचे टोले देऊन परत आत जातो. चार टोले झाले, टाळ्या झाल्या, आणि निम्मी मंडळी बाहेर चहाला गेली.

आमचे अप्पा मात्र बुरख्यातल्या रेबेकासमोर अडकले. जोव्हानी मारिया बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराचं हे संगमरवरी काम पहिल्या सालारजंगांनी १८७६ साली रोममध्ये विकत घेतलं. बायबलमधली रेबेका होणाऱ्या नवऱ्याला पाहून चेहऱ्यावर वस्त्र ओढून घेते, तो क्षण. अप्पांना ही गोष्ट ठाऊक नव्हती. त्यांचं सगळं आयुष्य यंत्रमागावर चादरी विणण्यात गेलं, त्यामुळे त्यांनी आधी कापड पाहिलं. ओलं झाल्यासारखं अंगाला चिकटलेलं, नाकाच्या शेंड्यावर ताणलेलं, गालावरून सैल सुटलेलं, आणि खालचा चेहरा स्पष्ट दिसतोय. ‘एवढं झिरझिरीत दिसायला सूत किती बारीक लागेल, आणि ह्यानं दगडात कसं केलं?’ असं ते विचारत होते, तेवढ्यात बसचा माणूस हाका मारत आला. अप्पा वळून वळून बघत बाहेर पडले. त्यांना बाजूनं, मागून बघायचं होतं. पदर कुठं संपतो ते शोधायचं होतं.

नंतर आम्ही घरचेच पुन्हा गेलो, फक्त सालारजंगसाठी. त्या जाण्यातून जे कळलं ते सांगते.

पहिली गोष्ट वाराची. सालारजंग शुक्रवारी बंद असतं. आपल्याकडं ‘म्युझियमला सोमवारी सुट्टी’ असं डोक्यात बसलेलं असतं, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाला ती असतेही, पण इथं तसं नाही. शुक्रवारी फाटकावरून परतलेली कुटुंबं आमच्या ओळखीत आहेत. दुसरी गोष्ट गाडीची. हुसेनसागर एक्सप्रेसनं निघालात तर हैदराबादला पोचेपर्यंत दुपार होते. उमरगा-जहीराबादवरून मोटारीनं गेलात तरी तीनशे किलोमीटर होतात. त्या दिवशी संग्रहालय नको. मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतानाच हजर राहा. चारमिनार जवळच आहे, ते संध्याकाळी होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सगळी दालनं बघायचा हट्ट धरू नका. हा संग्रह मुख्यतः तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान (१८८९–१९४९) यांचा. निजामाचं दिवाणपद सोडल्यावर त्यांनी उरलेलं आयुष्य वस्तू जमवण्यात घातलं. त्यांच्या मागं १९५१ साली त्यांच्याच दिवाण देवडीत संग्रहालय उघडलं, १९६८ मध्ये ते आजच्या इमारतीत आलं. एका माणसानं जन्मभर जमवलेलं तुम्ही एका दिवसात बघू शकत नाही. घरी बसूनच चार-पाच वस्तू ठरवा.

माझं ऐकाल तर सोलापूरच्या माणसानं बिदरी कामाचं दालन चुकवू नये. बिदर आपल्यापासून लांब नाही. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूच्या भांड्यावर नक्षी कोरून त्यात चांदीची तार ठोकून बसवतात, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती वापरून धातू काळा करतात. चांदी तेवढी पांढरी राहते. हुक्क्याच्या बैठकीवरची वेलबुट्टी अगदी काचेजवळ जाऊन बघा. दख्खनी लघुचित्रांसमोर मुलांना आपल्या भुईकोट किल्ल्याची गोष्ट सांगा. आदिलशाही आणि निजामशाहीत हा किल्ला हात बदलत राहिला, आणि चांदबिबीच्या लग्नात तो आंदण म्हणून ठरला होता. मग त्या चित्रांतले पोशाख आणि तलवारी मुलं निराळ्या डोळ्यांनी बघतात. राजा रविवर्म्याचं अस्सल तैलचित्रही इथं आहे. आपल्या देवघरांतल्या लक्ष्मी-सरस्वती त्याच्या छापखान्यातून आल्या, पण कुंचल्यानं रंगवलेली कातडी आणि रेशीम जवळून कसं दिसतं ते इथं कळतं.

लाकडातला दुहेरी पुतळा बघताना एक लक्षात ठेवा. पुढून तो ताठ मानेचा मेफिस्टोफेलिस, मागून मान खाली घातलेली मार्गारेटा, आणि मागच्या बाजू‍ला आरसा. गर्दी समोर उभी राहते. तुम्ही थोडे कडेला सरका, दोघं एकदम दिसतात.

घड्याळासाठी बाराची वेळ गाठू नका. सर्वांत जास्त टोले तेव्हा पडतात म्हणून रेटारेटीही तेव्हाच. अकराचे टोले बसून ऐकता येतात. म्हातारी माणसं बरोबर असतील तर त्यांना रेबेकासमोर सकाळीच न्या, पाय दुखायला लागायच्या आत. अप्पा दुसऱ्या खेपेला तिथं बराच वेळ उभे होते. पाठीमागं जाऊन, वाकून, घड्या मोजत. मग म्हणाले, ‘ह्यानं आधी खरं कापड भिजवून बघितलं असणार.’ त्यानंतर ते वस्त्रांच्या दालनात शिरले. जेवणासाठी बोलवायला गेले तेव्हा ते एका काश्मिरी शालीच्या काठाशी डोळे लावून उभे होते, आणि मी तशीच मागं फिरले.