शिळें पाणी

नळाला पाणी आलें कीं पुष्कळ घरांतून एक विधि नित्यनेमानें चालतो. माठ, हंडा, कळशी हीं उचलून मोरींत पालथीं करावयाचीं, आणि मग नव्यानें भरावयाचीं. कारण विचारावें तर उत्तर ठरलेलें : कालचें पाणी शिळें झालें.

यंदा इयत्ता नववीच्या मुलामुलींस आम्हीं आपापल्या घरचें हें ‘शिळें’ पाणी मोजून माप लिहून आणावयास सांगितलें. एका मुलीच्या घरचें माप निघालें रोजचें १२ लिटर. म्हणजे वर्षाचें ४,३८० लिटर. २०१६ च्या एप्रिल महिन्यांत लातूर शहर तहानेलें असतां मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पहिल्या गाडीला टाकीचे १० डबे होते, व त्यांत सुमारें ५ लाख लिटर पाणी होतें. अशीं ११५ घरें वर्षभरांत एक आगगाडी मोरींत ओततात! पांच हजारांना जेवूं घातल्यावर प्रभूनें उरलेले तुकडे गोळा करविले व बारा टोपल्या भरल्या, ही कथा आमच्या मुलांस तोंडपाठ आहे. ती भाकरीपुरतीच आहे असें मात्र आम्हांस वाटत नाहीं.

आतां पाणी एका रात्रींत खरोखर शिळें होतें काय, तें पाहूं. धरणावर अवलंबून असलेल्या शहरांत चैत्रांत नळाला येणारें पाणी बहुधा गेल्या पावसाळ्यांतलें असतें. सहा-आठ महिने तें धरणांत उभें होतें. मग तुरटीनें त्यांतील गाळ खालीं बसविला, वाळूच्या थरांतून तें गाळलें, क्लोरीन घालून जंतु मारले, आणि उंच टाकींत साठवून तें आपल्याकडे सोडलें. एवढा प्रवास करून आलेलें पाणी झांकलेल्या माठांत एक रात्र राहिल्यानें नासेल कसें? भात नासतो, कारण जंतूंना त्यांत भरपूर अन्न मिळतें; स्वच्छ पाण्यांत तें जवळजवळ नसतेंच. पाणी बिघडतें तें आपल्या बोटांनीं. तांब्या बुडवितांना चार बोटें आंत जातात, व हाताची घाण माठांत उतरते. लांब दांड्याचें ओगराळें हाच त्यावर उपाय. तें पूर्वीं पुष्कळ घरीं असे, आतां शोधावें लागतें.

हा समज निव्वळ वेडगळ होता असें आम्ही म्हणणार नाहीं. उघड्या विहिरीचें गढूळ पाणी उघड्या घागरींत राही, त्या काळीं रोज ताजें भरण्यांत शहाणपण होतें. आजही भांडें आठवड्यांतून एकदां रिकामें करून आंतून घासलेंच पाहिजे. कारण डेंग्यू पसरविणाऱ्या डासाची मादी भांड्याच्या आंतल्या कडेला अंडीं घालते, आणि अंड्याचा डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. नुसतें पाणी ओतून अंडीं जात नाहींत. तीं चिकटून राहतात.

दांत घासतांना मोकळा सोडलेला नळ, किंवा पाणी शुद्ध करणाऱ्या आर. ओ. यंत्राच्या नळींतून वाहून जाणारें पाणी, हींही मोजण्याजोगीं आहेत. पण तेथें चूक कळते तरी. शिळें पाणी ओततांना आपण स्वच्छता पाळली असेंच समाधान वाटतें, म्हणून ही संवय अधिक चिवट.

वरील मुलीनें घरीं हें सांगितलें तेव्हां आजींस पटलें नाहीं. साऱ्या जन्माची संवय वहीच्या एका पानानें कशी सुटावी? मुलीनेंही वाद वाढविला नाहीं. पिण्यास ताजें, आणि कालचें भाताच्या आधणाला व भाजी धुण्यास, असा तह झाला. परवां तिनें नवें माप आणून दाखविलें. त्या आठवड्यांत मोरींत गेलें तें केवळ माठ घासल्याचें पाणी, आणि तें दोन लिटर भरलें.