पदांची वही आणि खर्चाची वही

परंदवडी

चि. मुक्ता हीस,

गाणं उत्तम असलं की बाकीचं आपोआप जुळतं, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ या नाटकाचा प्रयोग झाला, तो आठव. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व, धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले. गळा कुणाचा सरस, यावर जाणकार अजून हुज्जत घालतात, घालू देत. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोघेही आपापल्या नाटक मंडळीचे मालक होते. बालगंधर्वांनी १९१३ मध्ये गंधर्व मंडळी काढली तेव्हा गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस भागीदार होते. पुढे हे दोघेही भागीदार बाहेर पडले. मग उंची शालू, रंगमंचावर अत्तराचा घमघमाट, मोठ्या पंगती. हात आखडता घ्या म्हणणारं, माझ्या मते, कुणी उरलं नाही. कर्ज डोक्यावर बसलं आणि बोलपट येताच मंडळी कोलमडली. केशवरावांनी १९०८ मध्ये, विशीच्या आतच, हुबळीला ‘ललितकलादर्श’ उभी केली. संयुक्त प्रयोगानंतर तीन महिन्यांत ते गेले, वय अवघं एकतीस. तरी मंडळी बसली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली आणि १९२२ मध्ये वरेरकरांचं ‘सत्तेचे गुलाम’ रंगमंचावर आणलं. मालक गेला तरी पडदा वर जात राहिला, कारण मालकाखेरीज जबाबदारी घेणारं माणूस तिथे तयार होतं.

तू म्हणशील, लोकांच्या ओठांवर नाव बालगंधर्वांचंच आहे, हिशेब कोण आठवतं? खरं आहे. पण त्यांच्या गळ्याने जे पेललं, ते सगळ्यांच्या गळ्याला पेलत नाही. शिवाय केशवरावांना बोलपटांचा तडाखा बघावाच लागला नाही, हा आक्षेपही मी मान्य करतो. ‘ललितकलादर्श’लाही पुढे वाईट दिवस आले, भालचंद्र पेंढारकरांना ती नव्याने उभी करावी लागली. कलावंताला हिशेब न जमण्याचं हे दुखणं केवळ मराठी नाही. मोझार्टच्या ‘फिगारो’ या ऑपेराच्या १७८६ मधल्या पहिल्या प्रयोगात गायलेल्या डब्लिनच्या मायकेल केलीने लंडनमध्ये संगीताचं दुकान थाटलं आणि त्यात दिवाळं काढलं. हिशेबाने रस आटतो, अशी तुझी भीती असेल तर इतकंच सांगतो: तबलजीची बिदागी थकली की बैठकीतला रस त्याहून लवकर आटतो.

पुढच्या रविवारी येशील तेव्हा पदांच्या वहीबरोबर खर्चाची वहीही आण.

तुझा,
मामा