तिसऱ्या महिन्यावर डोळा ठेव

पोरी, गोवंडीत टीबीच्या कामावर रुजू होतेयस, तर चार गोष्टी सांगून ठेवते. ट्रेनिंगमध्ये बाकीचं शिकवलं असेलच.

औषधात काही कमी नाही. साध्या टीबीला सहा महिने पुरतात, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. आम्ही आठवड्यातून तीनदा समोर बसवून गोळ्या द्यायचो, 2017 नंतर रोजचा डोस आला. पण रोगी हातचा जातो तो पहिल्या आठवड्यात नव्हे. तेव्हा तो घाबरलेला असतो, सांगशील ते ऐकतो. दीड-दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते आणि मग म्हणतो, "ताई, आता एकदम ठणठणीत आहे." तुझं काम खरं तिथून सुरू. एरवी महिन्यातून दोनदा जात असशील, तर तिसऱ्या महिन्यात चारदा जा.

गेल्यावर "गोळ्या घेता ना?" असं विचारू नकोस. हो म्हणायला कुणाचं काय जातं? स्ट्रिप मागून घे आणि स्वतः मोज. लघवीचा रंगही विचार. रिफाम्पिसिन पोटात गेलं की काही तास ती नारिंगी होते. हे मात्र पहिल्याच दिवशी कानावर घाल, नाहीतर रक्त जातंय समजून माणूस गोळ्या फेकून देतो. मळमळतंय हेही आपणहून सांगणार नाहीत, गुपचूप डोस बंद करतील. खोदून विचार आणि डॉक्टरांच्या कानावर घाल. हातापायाला मुंग्या येत असतील तर ते बी-6 देतात. पण डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या होताहेत, नजर धूसर झाली, असं काही दिसलं तर उद्यावर ढकलायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना.

पहिल्या दिवशी पत्ता लिहून घेतलास म्हणून निर्धास्त राहू नकोस. अकरा महिन्यांच्या करारावरची खोली ती, आज इथे, उद्या मानखुर्दला. गावाकडच्या भावाचा नंबर घे, शेजारणीचा घे. जरीच्या कारखान्यातल्या पोरांना ईद-होळीच्या महिनाभर आधीच विचार, "तिकीट कधीचं?" निक्षय या टीबीच्या सरकारी नोंदणीतला नंबर देशभर चालतो, जाण्याआधी रोग्याची नोंद त्याच्या गावाकडच्या जिल्ह्यात वळती करून घे आणि वाटेपुरत्या गोळ्या हातात दे. सलग महिनाभर गोळ्या सुटल्या की रजिस्टरात तो 'लॉस्ट टू फॉलोअप'. मग शोधत बसावं लागतं.

पिणाऱ्याला भाषण नको. ते त्याला घरी रोज मिळतं. गोळ्यांची वेळ सकाळची ठेव आणि तो ज्याचं ऐकतो असा एक माणूस गाठ, मुकादम असेल, पानवाला असेल. बायको बहुधा नसते! आणि लग्न ठरलेल्या मुलीच्या दारात टीबीचं नाव छापलेली पिशवी घेऊन उभी राहू नकोस. तिला केंद्रावर बोलव, नाहीतर ती तुला चुकवायला लागेल.

वजनकाटा जवळ बाळग. झारखंडमधल्या एका अभ्यासात दिसलं, 2023 साली छापून आलाय तो, की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन 5 टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी कमी होता. चाळीस किलोच्या माणसाला म्हणजे फक्त दोन किलो. तेव्हा टॉनिकच्या बाटलीवर पैसे घालू देऊ नकोस. शेंगदाणे, चणे, डाळ, परवडली तर अंडी. सरकारकडून रोग्याला मिळणारे पोषणाचे पैसे नोव्हेंबर 2024 पासून महिना 1000 रुपये झालेत. खातं आधारला जोडलेलं आहे का, ते पहिल्याच आठवड्यात बघ. गोळ्यांची संख्या वजनाच्या गटावर ठरते, वजन वाढून गट बदलला तर डॉक्टरांना सांग. 35 ते 49 किलोला तीन गोळ्या, 50 झाले की चार.

घरातल्यांनाही तपासून घे, विशेषतः पाच वर्षांखालची पोरं. त्यांना आजार नसला तरी प्रतिबंधाचं औषध लागतं. रोग्याची साखर आणि एचआयव्ही तपासलं नसेल तर मागे लाग.

दोन महिन्यांनी थुंकी पॉझिटिव्हच आली तर "गोळ्या नीट घेतल्या नाहीत" म्हणून त्याच्यावर ओरडू नकोस. औषधाला दाद न देणारा टीबी असू शकतो, तपासणी लगेच लाव. आणि शेवटची थुंकी सोडू नकोस. बरं वाटतंय म्हणून कुणी द्यायला येत नाही, आणि ती नसेल तर रजिस्टरात 'कोर्स पूर्ण' एवढंच लिहिता येतं, 'बरा झाला' असं नाही. सकाळी खोल खोकून काढलेला बेडका हवा. डबीत लाळ आणून दिली तर परत पाठव.

कोर्स संपल्यावर नंबर डिलीट करू नकोस. दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी त्याला तपासणीला बोलवायचं असतं.