मोटारगाडी: लहान की थोर?

ऊस कारखान्यास जाऊन बिलाचे पैसे हाती आले म्हणजे बारामती व इंदापूर तालुक्यांतील पुष्कळ घरांत मोटारीचा विषय निघतो. मुले धिप्पाड गाडी मागतात, वडील किंमत विचारतात. त्याच पैशांतून सोसायटीचे कर्ज, बेणे, खत आणि मुलांचे शिक्षणही भागवावयाचे असते. म्हणून या प्रश्नाचा थोडा शास्त्रीय विचार आम्ही येथे करीत आहोत.

आपल्याच पुणे जिल्ह्यात तयार होणाऱ्या दोन गाड्या उदाहरणादाखल घेऊ. रांजणगावची टाटा नेक्सॉन ३९९५ मिलिमीटर लांब आहे, तर चाकणची महिंद्रा स्कॉर्पिओ-एन ४६६२ मिलिमीटर. नेक्सॉनचा सांगाडा व वरचा भाग एकजीव असून इंजिनाची शक्ती पुढील चाकांस मिळते. स्कॉर्पिओ-एन ही शिडीच्या आकाराच्या पोलादी चौकटीवर बसविलेली असते. दुसऱ्या महायुद्धातील जीपही अशाच चौकटीवर उभी होती, आणि १९४७ साली त्याच विलीज जीपची जुळणी करून महिंद्र कंपनीने मोटारधंद्यात पाऊल टाकले. एक चाक खड्ड्यात व दुसरे दगडावर असता ही चौकट पीळ सोसते. परंतु तिच्यामुळे वजन वाढते, आणि वजन ओढावयास इंधन अधिक लागते.

मोठ्या गाडीची चारही चाके शक्तीने फिरतात, हा समज मात्र खरा नव्हे. स्कॉर्पिओ-एनच्या अनेक प्रकारांत केवळ मागील चाकांसच शक्ती मिळते. शिवाय आपली काळी माती पाण्याने फुगते, चाकास चिकटते व टायरच्या खाचा भरून टाकते. गुळगुळीत झालेली चार चाके फिरली तरी जमीन कशी धरणार? आणि गाडी थांबविताना तर या चार चाकांच्या शक्तीचा उपयोगच नाही. तेथे ब्रेक, टायर व चालकाचा संयम हीच साधने.

आता हिशेब पाहू. समजा, वर्षाचा प्रवास १२,००० किलोमीटर आहे. एक गाडी लिटरास १६ किलोमीटर जाते व दुसरी १२. पहिलीस ७५० लिटर लागेल, दुसरीस १,०००. फरक २५० लिटरांचा, आणि तोही दरवर्षी! करातही अंतर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरांपर्यंत लांब व १२०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाच्या गाडीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे; स्कॉर्पिओ-एनसारख्या मोठ्या गाडीवर ४० टक्के.

मग थोर गाडी घेऊच नये काय? तसे नाही. घरात सात माणसे असतील, तर त्यांना पाचांच्या गाडीत कोंबणे धोक्याचे. प्रत्येकास स्वतंत्र आसन व पट्टा हवा. उजनीच्या जलाशयाकाठी वस्ती असून पावसाळाभर चिखलाच्या पाणंदीतून रोज जावयाचे असेल, तर चारही चाकांस शक्ती देणारा प्रकार विचारात घ्यावा. परंतु बारामतीहून भवानीनगरास वा इंदापुरास, अगर भिगवणवरून पुण्यास पक्क्या सडकेने जाणाऱ्यास लहान गाडी पुरेशी आहे.

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्च मोजावा, हा प्रभूचा दृष्टान्त आपणांस ठाऊकच आहे. तेव्हा विद्यार्थ्यांनो, एक वही घ्या. महिनाभर घरातील प्रत्येक प्रवासाचे अंतर, माणसांची संख्या व रस्त्याचा प्रकार तीन रकान्यांत लिहा. पावसाळ्यातील एक महिना निराळा नोंदवा. ती वही वडिलांपुढे ठेवा, आणि नंतरच सर्वांनी मिळून दुकानाची पायरी चढा.