नकाशावरचा हिरवा ठिपका आणि गल्लीची वही

पूर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पहिला आठवडा येतो. अन्नाची पाकिटे, पांघरुणे, औषधे, होड्या. सेवेचा हा भाग आपल्याला परिचित आहे आणि आपण तो मनापासून करतो. पाणी ओसरल्यानंतरचे महिने मात्र आपल्या अभ्यासात फारसे येत नाहीत. माणसे परत येणार की नाही, हे त्या महिन्यांत ठरते. म्हणून या पाठासाठी एका लहानशा वस्तीचे आणि तिच्या संस्थेचे उदाहरण घेऊ या.

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबईकर विसरू शकत नाहीत. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्यानंतर सुमारे महिनाभराने, २९ ऑगस्टला, कॅटरिना चक्रीवादळाने अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर गाठले. कालव्यांच्या संरक्षक भिंती फुटल्या आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. शहराच्या मध्यावर ब्रॉडमूर नावाची वस्ती आहे. लोकसंख्या सुमारे सात हजार. कृष्णवर्णीय आणि गोरे, बंगलेवाले आणि भाडेकरू, सारे तिथे जवळजवळ राहत. तिथे पाणी कित्येक दिवस साचून राहिले.

साचण्याचे कारण साधे आहे. ब्रॉडमूर म्हणजे कढईचा तळ. ती मुळात दलदल होती. १९१३ च्या सुमारास ए. बाल्डविन वुड या अभियंत्याने मोठे पंप तयार केले, पाणी उपसले गेले आणि त्या जमिनीवर घरे उभी राहिली. पण दलदलीतले पाणी काढले की माती सुकते आणि खचते. जमीन आणखी खाली गेली की आणखी पंप लागतात. माणसाने आपल्या सोयीसाठी केलेली ही उसनवारी आहे, तिचे व्याज दर पावसाळ्यात भरावे लागते. (मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, म्हणून हीच भाषा सुचते.)

जानेवारी २००६ मध्ये शहराच्या पुनर्बांधणी आयोगाचा नकाशा वृत्तपत्रात छापून आला. त्यावर काही सखल वस्त्यांवर मोठे हिरवे ठिपके होते. हिरवा ठिपका म्हणजे इथे पुढे उद्यान किंवा मोकळी जागा होऊ शकते. एक ठिपका ब्रॉडमूरवर होता. पुरेसे लोक परत येणार आहेत हे वस्त्यांनी चारेक महिन्यांत सिद्ध करावे, अशी आयोगाची सूचना होती. लोक तर ह्यूस्टन, अटलांटा, कुठे कुठे विखुरलेले. घरात चिखल आणि बुरशी, आणि हाती चार महिने.

इथे थोडे थांबले पाहिजे. नकाशा काढणारे दुष्ट नव्हते. सखल जागी पुन्हा पाणी येणार, हे त्यांचे म्हणणे चुकीचे म्हणता येत नाही. चूक होती ती न विचारण्यात. ज्यांच्या घरावर ठिपका पडला त्यांना तो वर्तमानपत्रातून कळला. आपणही एखाद्या गावाच्या भल्याचा निर्णय गावाबाहेर बसून घेतो, तेव्हा हेच करत असतो.

ब्रॉडमूर इम्प्रूव्हमेंट असोसिएशन ही तिथल्या रहिवाशांची जुनी संस्था. तेव्हा तिच्या अध्यक्ष लाटोया कँट्रेल होत्या, पुढे २०१८ मध्ये त्या शहराच्या महापौर झाल्या. संस्थेने सभा घेतल्या, निषेधही केला. पण मला अभ्यासण्यासारखी वाटते ती त्यानंतरची पायरी. वस्तीचे भाग पाडले, एकेका गल्लीची जबाबदारी एकेका रहिवाशावर दिली. त्याने शोधायचे की या घरातले लोक आता कुठे आहेत, परत यायचे आहे का, कशामुळे अडले आहे. हार्वर्ड आणि बार्ड येथील विद्यार्थी मदतीला आले, घरोघरची पाहणी झाली. एका चर्चच्या आवारातून हे काम चाले. परतणाऱ्यांनी अंगणात 'ब्रॉडमूर जिवंत आहे' अशा पाट्या लावल्या. जुलै २००६ पर्यंत रहिवाशांनी स्वतःचा विकास आराखडा तयार केला. नकाशाला त्यांनी घोषणांपेक्षाही एका यादीने उत्तर दिले.

मदतसाहित्याची यादी करायला मीही बसले आहे. किती संच आले, किती गेले, हे वहीत अचूक असते. कोणत्या घरात आजी एकटी राहते, कोणाचा मुलगा परगावी आहे, कोणाला जिना चढवत नाही, हे नसते.

काही वर्षांत ब्रॉडमूरची बहुतेक घरे पुन्हा उभी राहिली. शाळा २०१० मध्ये आणि वाचनालय २०१२ मध्ये नव्याने सुरू झाले. हे यश खरे आहे, पण हिशोब पुरा मांडायचा तर दुसरी बाजूही लिहावी लागेल. २००० ते २०१० या दशकात न्यू ऑर्लिन्समधील कृष्णवर्णीयांची संख्या एक लाखाहून अधिक घटली. घरदुरुस्तीचे सरकारी अनुदान ठरवताना पुरापूर्वीची घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांतली कमी रक्कम धरली जाई. गरीब वस्तीत घराची बाजारातली किंमत मुळातच कमी. म्हणजे छप्पर तेवढेच मोडले, सुतार तेवढीच मजुरी मागतो, पण अनुदान कमी. पुढे हा वाद न्यायालयात गेला. हे अनुदान घरमालकांसाठी होते, भाडेकरूंचा प्रश्न तर आणखी वेगळा. संस्था कितीही जिव्हाळ्याची असली तरी असे सूत्र तिच्या हातात नसते, आणि म्हणून नियम वाचणे, त्यावर प्रश्न विचारणे हादेखील सेवेचाच भाग धरायला हवा.

आणि कढई तर कढईच राहिली. ५ ऑगस्ट २०१७ रोजी कोणतेही वादळ नसताना, केवळ दुपारच्या मुसळधार पावसाने शहराच्या अनेक भागांत, ब्रॉडमूरच्या परिसरातही, पाणी तुंबले. सारे पंप चालू आहेत असे आधी सांगण्यात आले, बरेच बंद होते हे नंतर उघड झाले. लोकांनी जाब विचारला, तसा गटारांकडेही मोर्चा वळवला. रस्त्यावरील पाण्याची जाळी नागरिकांनी दत्तक घ्यायची आणि पावसापूर्वी पाने-कचरा काढायचा, असा उपक्रम शहरात आहे. गटारे साफ करताना एका मुख्य रस्त्याच्या काही चौकांच्या अंतरात चाळीस टनांहून अधिक मणीमाळा निघाल्या. तिथल्या मार्दी ग्रा उत्सवात मिरवणुकीतून त्या गर्दीवर उधळतात. निर्माल्य आणि थर्माकोलचे मखर पाहिलेल्या आपल्यासारख्यांनी याला हसू नये.

भाषांतर करताना 'रेझिलियन्स' हा शब्द वारंवार येतो. त्यासाठी 'लवचिकता' लिहितात. मला तो शब्द वेताच्या छडीसारखा वाटतो, वाकते आणि पूर्ववत होते. ब्रॉडमूर पूर्ववत झाले नाही. काही शेजारी कायमचे गेले, काही घरे आता उंच जोत्यावर आहेत, आणि आभाळ भरून आले की लोक गाड्या उंचावर नेऊन लावतात. मी सध्या 'सावरणे' असे लिहिते. कोणाला याहून चांगला शब्द सुचला तर जरूर कळवावा.

पुढच्या अभ्यासबैठकीला प्रत्येकाने वहीचे एक पान आणावे. त्यावर आपल्या गल्लीतील किंवा इमारतीतील घरे क्रमाने लिहावीत, आणि पाणी आले तर ज्या घराचे दार सर्वांत आधी ठोठवावे लागेल त्यावर खूण करावी. जी घरे रिकामी सोडावी लागतील, कारण तिथे कोण राहते हे आपल्याला माहीत नाही, ती तशीच रिकामी ठेवावीत. बैठकीत त्यांपासूनच सुरुवात करू.