एक नाव, किती कामं! : ‘गोदावरी’ (भाषाभ्यास – विशेषनाम)



‘नामाचे प्रकार’ हा घटक आपण सगळेच दरवर्षी शिकवतो. विशेषनाम म्हणजे एका विशिष्ट व्यक्तीचं, वस्तूचं किंवा ठिकाणाचं नाव, ही व्याख्या मुलं दोन दिवसांत पाठ करतात. उदाहरणं ठरलेली : राम, हिमालय, गंगा. पेपरात गुणही मिळतात. पण एकच विशेषनाम किती ठिकाणी राबतं आणि त्याबरोबर व्याकरण कसं बदलतं, हे त्या उदाहरणांतून कळत नाही. त्यासाठी आपल्या नाशिककरांच्या हाताशी एक नाव आहे. गोदावरी. इयत्ता पाचवी ते आठवीपर्यंत कुठेही हा पाठ घेता येईल.

सुरुवात अशी करा. फळ्यावर दोनच शब्द लिहा : ‘गोदावरी आली.’ आणि विचारा, कोण आलं? पंचवटीतलं मूल म्हणेल, पूर आला. नाशिकरोडचं मूल म्हणेल, गाडी आली. ज्याच्या शेजारी गोदावरीकाकू राहतात ते म्हणेल, काकू आल्या असतील, पण मग ‘आली’ कसं, ‘आल्या’ पाहिजे! इथेच पाठ निम्मा झाला. वाक्याचा अर्थ शब्दात जेवढा असतो तेवढाच तो बोलणाऱ्याच्या गावात आणि घरातही असतो, हे मुलांनी स्वतःच सांगितलेलं असतं.

आता नदी. त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून ही नदी सुमारे १४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. एवढं भूगोलात येतंच. भाषेच्या तासाला मुलांना हे सांगा की उगमाजवळच्या लोकांनी, म्हणजे आपणच, तिला रोजच्या बोलण्यात गोदावरी कमीच म्हटलं. जुनी माणसं ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणतात. घाट गंगाघाट, गाव गंगापूर, धरण गंगापूर धरण. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं यावर पूर मोजायचा, तोही ‘गंगेचा’ पूर. कथा अशी की गौतम ऋषींच्या हातून गाय मेली, त्या पापातून सुटण्यासाठी त्यांनी तप केलं आणि शंकरानं गंगा ब्रह्मगिरीवर उतरवली. म्हणून ती गंगा, म्हणूनच ती गौतमी. पारंपरिक व्युत्पत्तीत ‘गो’ आणि ‘दा’ वेगळे करून गाईशी किंवा पाण्याशी अर्थ जोडतात. पण हालाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतात, हीच नदी ‘गोला’ या नावानं येते. गोला, गोदा, गोदावरी, गौतमी, गंगा. एका नदीची पाच नावं झाली. समानार्थी शब्द पाठ करून घेण्यापेक्षा हे उदाहरण मला जास्त कामाचं वाटतं.

आंध्रात गेलं की नाव आणखी पसरतं. तिथे नदी फाट्यांमध्ये विभागते, त्यातल्या एकीला गौतमी म्हणतात, दुसरीला वसिष्ठा. उगमाजवळचं नाव मुखाशी परत भेटतं! शिवाय पूर्व गोदावरी आणि पश्चिम गोदावरी असे जिल्हेच आहेत. आपल्याकडे गोदावरीच्या नावाचा जिल्हा नाही, हे वर्गात एखादा हुशार विद्यार्थी नक्की बोलून दाखवतो.

रेल्वेत तर गंमतच आहे. नाशिकच्या चाकरमान्यांची गोदावरी एक्स्प्रेस मनमाडहून मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला जायची. आणि त्याच नावाची दुसरी गोदावरी एक्स्प्रेस विशाखापट्टणम ते हैदराबाद धावते. नदी एकच, गाड्या दोन, एक उगमाकडची, एक मुखाकडची. नौदलातही आयएनएस गोदावरी ही युद्धनौका होती. १९८३ मध्ये ती दाखल झाली आणि २०१५ मध्ये निवृत्त. तिच्याच वर्गातल्या पुढच्या दोन नौकांची नावं गोमती आणि गंगा.

आता व्याकरणाकडे येऊ, कारण खरा मसाला इथे आहे.

पहिली गोष्ट, लिंग. ‘काल मी गोदावरी पाहिली’ आणि ‘काल मी गोदावरी पाहिला’. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत! पहिल्यात नदी किंवा गाडी, दुसऱ्यात निखिल महाजन यांचा २०२२ साली थिएटरात आलेला चित्रपट. बोलणाऱ्याच्या मनात ‘चित्रपट’ हा पुल्लिंगी शब्द असतो, तो उच्चारला जात नाही, पण क्रियापद त्याचं ऐकतं. याचा ताळा करायचा असेल तर मनमाडकडे जाणारी दुसरी गाडी घ्या. ‘तपोवन’ हा शब्द नपुंसकलिंगी. तरी फलाटावर कुणी ‘तपोवन आलं’ म्हणत नाही, ‘तपोवन आली’ म्हणतात. कारण मनात ‘गाडी’ आहे. मुलांना आणखी उदाहरणं शोधायला सांगा. ‘सकाळ वाचला’ की ‘सकाळ वाचली’, यावर पंधरा मिनिटं भांडण होतं. होऊ द्या.

दुसरी गोष्ट, सामान्यरूप. हे फार छान आहे. ‘गोदेला पूर आला’ म्हणतो, पण मुलीचं नाव गोदा असेल तर ‘गोदाला ताप आला’. नदीच्या नावाचा ‘गोदे-’ होतो, मुलीच्या नावाचा होत नाही. जुन्या पुस्तकांत ‘सीतेला’, ‘यमुनेला’ अशी माणसांची रूपं सर्रास दिसतात. आज वर्गातल्या सीताला कुणी ‘सीतेला हाक मार’ म्हटलं तर मुलं हसतील. म्हणजे जिवंत माणसाचं नाव आपण आता मोडत नाही, नदीचं आणि पुराणातल्या व्यक्तीचं मोडतो. बोलीतल्या या बदलाकडे मुलांचं लक्ष वेधायला हरकत नाही. मात्र ‘गोदेला’ चूक किंवा ‘गोदाला’ चूक असा शेरा मारू नका. दोघांची जागा वेगळी आहे.

तिसरी, अनेकवचन. विशेषनामाचं अनेकवचन होत नाही असं आपण सांगतो. पण ‘आमच्या घराण्यात तीन गोदावऱ्या होऊन गेल्या’ हे वाक्य कुठल्याही आजीच्या तोंडी सहज येतं. अशा वेळी विशेषनाम सामान्यनामासारखं वागतं, असं समजावून द्यावं. समासासाठी गोदाकाठ, गोदातीर, गोदाघाट आहेतच (षष्ठी तत्पुरुष). आणि गोदी? मुंबईच्या गोदीचा, म्हणजे जहाजं लागतात त्या जागेचा, आपल्या गोदीआत्याशी काही संबंध नाही, हेही सांगून टाका, कारण कुणीतरी विचारणारच. दक्षिणेत आंडाळ या संत कवयित्रीला ‘गोदा’ म्हणतात. तिचा उगमही ब्रह्मगिरीत नाही.

इथपर्यंत पाठ हलकाफुलका चालतो. पण नाव शेवटी माणसाला चिकटलेलं असतं. तुमच्या वर्गात आज एखादी गोदावरी असेल, तर बहुतेक वेळा ते तिच्या पणजीचं किंवा आजीचं नाव असतं. बाकी बेंचवर आराध्या, अन्वी, शर्वरी. मग हिला ‘ए म्हातारे’ अशी हाक पडते. शाळेत हे आपण सर्वांनी पाहिलेलं आहे. मुलगी घरी जाऊन ‘माझं नाव बदला’ म्हणते. पालक आपल्याकडे येतात, ‘मॅडम, दाखल्यावर बदलून मिळेल का?’ तेव्हा ‘नाव छान आहे गं’ एवढं म्हणून काही होत नाही. त्या नावामागे कोण उभं आहे, हे संपूर्ण वर्गाला कळलं पाहिजे. म्हणून पुढचा भाग.

गोदावरी परुळेकर. पूर्वाश्रमीच्या गोदावरी गोखले, जन्म १९०७, पुणे. त्या काळात त्यांनी कायद्याची पदवी घेतली. १९४५ पासून ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघरमध्ये, वेठबिगारीविरुद्ध वारली आदिवासींचा जो लढा उभा राहिला, त्यात शामराव परुळेकरांच्या बरोबरीनं त्या पाड्यापाड्यांतून हिंडल्या. त्या अनुभवांवरचं त्यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली आलं आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लोकांनी त्यांना ‘गोदूताई’ केलं. नाव कसं प्रवास करतं बघा : सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे, ती गोदूताई परुळेकरांच्या नावानं. तिथल्या मुलांचा पत्ताच मुळी ‘गोदूताई’ आहे. नदीचं नाव मुलीला, मुलीचं नाव वसाहतीला. आता ‘म्हातारे’ म्हणणाऱ्या मुलाला विचारा, तुझ्या नावाची वसाहत कुठे आहे रे?

दुसरी गोदावरी मात्र नावानिशी राहिली नाही. बालविधवा गोदूबाई जोशी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. लोक त्यांना ‘बाया कर्वे’ म्हणून ओळखतात. ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र त्यांचंच. आता याच्या शेजारी आणखी दोन नावं लिहा. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुना. तीन नद्या लग्नाच्या मांडवात आटल्या! सातवी-आठवीच्या मुली हे ऐकून गप्प होतात. मग एकीचा हात वर जातो : ‘सर, मुलांचं नाव का नाही बदलत?’ उत्तर तयार ठेवायची गरज नाही. प्रश्न वहीत लिहून घ्यायला सांगा आणि घरी विचारायला लावा. मी स्वतः हा प्रश्न व्याकरणापेक्षा मोठा मानतो.

एक गंमतीची नोंद. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात, जिचं नाव नक्षत्राचं, झाडाचं किंवा नदीचं आहे अशा मुलीशी लग्न करू नये, असं सांगितलं आहे. आणि महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, कावेरी, सिंधू यांची लग्नं धूमधडाक्यात लागली. ग्रंथ एक सांगतो, आजी नातीचं बारसं तिच्या मनानं करते.

आता आपल्या पांडवलेणीत चला. सहल काढता आली तर उत्तम, नाहीतर फोटो चालेल. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्यकाळात कोरलेला, आपल्या मुलाचा पराक्रम सांगणारा. मुलगा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. मुलाची ओळख आईच्या नावानं, नातवाचीही त्याच्या आईच्या नावानं. (इथली गौतमी नदी नव्हे. ते नाव गोत्रावरून आलेलं आहे. मुलं हमखास गल्लत करतात.) आणि सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांनी महाराष्ट्र शासनानं ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लिहायचं. ही बाळं काही वर्षांत आपल्याकडे पहिलीत येतील. तेव्हा रजिस्टर भरताना हा क्रम डोक्यात ठेवावा लागेल.

रजिस्टरवरून पालकांसाठी थोडं. आजीचं नाव रेशनकार्डावर गोदाबाई, आधारवर गोदावरी, सातबाऱ्यावर गोदूबाई असेल, तर ती एकच बाई आहे हे सिद्ध करायला घरच्यांना किती खेटे घालावे लागतात, हे ज्यांनी घातलेत त्यांनाच ठाऊक. मुलाच्या बाबतीत हे आत्ताच टाळता येतं. शाळेच्या जनरल रजिस्टरला जे नाव चढतं तेच पुढे दाखल्यावर उतरतं. ‘री’ दीर्घ आहे का बघा. इंग्रजीत कुणी ‘व्ही’ लिहितं, कुणी ‘डब्ल्यू’. जन्मदाखल्यावर जे आहे तेच शाळेत आणि आधारवर ठेवा. लाडाचं नाव घरी वापरा, फॉर्मवर नको. आणि प्रवेशाच्या दिवशी क्लार्कनं लिहिलेलं नाव स्वतः मोठ्यानं वाचून घ्या, घाई असली तरी.

घरचा अभ्यास : मुलांनी आई, दोन्ही आज्या आणि जमल्यास एखादी पणजी, अशा चौघींची माहेरची आणि सासरची पूर्ण नावं लिहून आणायची. नदीचं नाव मिळालं तर ती नदी नकाशात शोधून उगम आणि मुख लिहायचं. नाव बदललं असेल तर कुणी ठरवलं, हे त्या आजीलाच विचारायचं आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत, शुद्धलेखन न सुधारता, उतरवायचं. ज्यांच्या आज्या गावी आहेत त्यांनी फोनवर विचारावं. त्यासाठी दोन दिवस जास्त द्या.